‘र’चा ‘ल’ आणि बाकी सगळी मराठी: न्यू जर्सीतील दुसरीच्या एका मुलाचे प्रकरण

मध्य न्यू जर्सीतल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मी इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांना शिकवते. अमेरिकेत या कामाला ईएसएल म्हणतात. हे प्रकरण लिहिताना मुलाची आणि शाळेची ओळख पटणार नाही असे काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णय मात्र जसेच्या तसे आहेत. अमेरिकेत मुले शाळेत घालणाऱ्या मराठी पालकांना आणि अशा मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांना त्याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू आहे.

पार्श्वभूमी

मुलगा साडेसात वर्षांचा. वडील एच-१बी व्हिसावर आधी आले होते. तो आणि आई सातारा जिल्ह्यात आजी-आजोबांकडे होते, आणि पहिली त्याने तिथल्या मराठी शाळेत केली. जुलैमध्ये दोघे इकडे आले आणि सप्टेंबरमध्ये तो दुसरीत बसला. मराठी अस्खलित, देवनागरी वाचन वयाला साजेसे, इंग्रजी जवळजवळ शून्य.

प्रवेशाच्या कागदांत घरच्या भाषेची प्रश्नावली असते. मूल पहिली कोणती भाषा बोलायला शिकले, घरात कोणती भाषा बोलली जाते, मूल जास्त कोणती वापरते, असे दोन-तीन प्रश्न. एखाद्या उत्तरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा दिसली, की शाळा मुलाच्या इंग्रजीची चाचणी घेते. वडिलांनी सगळीकडे ‘इंग्रजी’ लिहिले. त्यामुळे चाचणी झाली नाही, माझ्या यादीत त्याचे नाव आले नाही, आणि पुढचे चार महिने तो वर्गात कुठल्याही मदतीशिवाय बसला.

वडिलांनी असे का केले ते नंतर त्यांनीच सांगितले. कंपनीतल्या ओळखीच्यांनी सल्ला दिला होता, की मराठी लिहिलंत तर मुलाला ‘वेगळ्या वर्गात’ टाकतात आणि तो शिक्का मग निघत नाही. हा समज भारतीय कुटुंबांत इतका पसरलेला आहे, की दरवर्षी तो कुणाकडून तरी ऐकायला मिळतोच. ईएसएल हा विशेष शिक्षणाचा वर्ग नाही, हे प्रवेशाच्या टेबलावर कुणीच त्यांना सांगितले नव्हते.

अडचण

जानेवारीत वर्गशिक्षिकेने मुलाचे नाव ‘चाइल्ड स्टडी टीम’कडे पाठवले. न्यू जर्सीत विशेष शिक्षणाची शिफारस या चमूकडे जाते. त्यात शाळेचे मानसशास्त्रज्ञ, अध्ययन-अक्षमतेचे तज्ज्ञ आणि समाजकार्यकर्ते असतात, आणि बोलण्याची शंका असेल तर वाक्-भाषा तज्ज्ञही येतात. शिफारशीवर कारण होते: ‘वाचा व भाषा-दोषाचा संशय.’

वर्गशिक्षिका कामाला वाघ, मुलांवर जीव असलेली. तिने मनापासून निरीक्षणे लिहिली होती:

‘पी’ आणि ‘बी’, ‘टी’ आणि ‘डी’ यांत गोंधळ. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ एकच. ‘थिंक’मधला पहिला ध्वनी चुकतो. ‘अ’, ‘द’ ही उपपदे गाळतो. क्रियापद शेवटी टाकतो. खुर्चीला ‘शी’ म्हणतो. ‘तुझ्याकडे पेन्सिल नाही का?’ विचारले तर ‘येस’ म्हणतो आणि हात रिकामे दाखवतो. गटात गप्प बसतो. आणि शेवटी एक ओळ: ‘आर’च्या जागी ‘एल’ येतो, आशियाई उच्चार असल्याने दुर्लक्ष करता येईल.

राज्याच्या नियमाप्रमाणे शिफारस आल्यापासून २० दिवसांत, शाळेच्या सुट्ट्या वगळून, पालकांसह बैठक घ्यावी लागते. त्या तयारीत कुणाच्या तरी लक्षात आले की आडनाव मराठी आहे, म्हणून कागद माझ्याकडे आला.

यादी वाचताना

मराठी बोलणाऱ्या कुणीही ही यादी ओळीने वाचली तर एकेक गोष्ट उलगडत जाते. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ उच्चारताना तोंडातून हवेचा झोत बाहेर पडतो. आपल्या ‘प’ला तो झोत नसतो, तो ‘फ’साठी राखलेला. इंग्रजी कान ‘पी’ आणि ‘बी’ यांतला फरक बऱ्याच अंशी त्या झोतावरून ओळखतो. म्हणून मराठी मुलाने ‘पिन’ म्हटले की शिक्षिकेला ‘बिन’ ऐकू येते. मुलाच्या तोंडात गोंधळ नाही. तो प आणि ब, ट आणि ड, शिवाय फ, भ, ठ, ढ असे सगळे वेगळे ठेवतो. तोंडापुढे कागदाची पट्टी धरून झोत दाखवला तर असे मूल थोड्या वेळात तो पकडते.

मराठीत ‘व’ एकच आहे, म्हणून ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ एक होतात. ‘थिंक’चा इंग्रजी ध्वनी आपल्याकडे नाही, मूल जवळचा ‘थ’ वापरते. मराठीत उपपदे नाहीत. क्रियापद शेवटी येते. खुर्ची स्त्रीलिंगी, टेबल नपुंसकलिंगी, दरवाजा पुल्लिंगी. तेव्हा ‘चेअर इज ब्रोकन, शी इज फॉलिंग’ म्हणणारे मूल व्याकरणाचा नियम काटेकोरपणे पाळत असते, फक्त तो मराठीचा असतो. ‘पेन्सिल नाही का?’ याला आपण ‘हो, नाहीये’ म्हणतो. त्यातले ‘हो’ त्याने इंग्रजीत नेले. आणि नव्या भाषेत पडलेल्या मुलाने काही महिने ऐकत गप्प राहणे हा दुसऱ्या भाषेच्या वाटेवरचा नेहमीचा टप्पा आहे.

शेवटच्या ओळीपाशी मात्र मी थांबले. जपानीसारख्या भाषांत ‘र’ आणि ‘ल’ असा भेद नसतो, आणि ‘आशियाई उच्चार’ हा शेरा तिथून आला होता. पण मराठीत र, ल आणि वर ळ, तिन्ही स्वच्छ वेगळे आहेत. साडेसात वर्षांचा मराठी मुलगा ‘र’चा ‘ल’ करत असेल तर त्याचे खापर मराठीवर फोडता येत नाही. यादीतल्या ज्या गोष्टी दोष म्हणून नोंदवल्या होत्या त्या भाषेच्या निघत होत्या, आणि जी भाषेची म्हणून सोडली होती तिचीच तपासणी हवी होती.

कायदा काय मागतो

इथे दोन वेगळे कायदे एकाच मुलावर लागू होतात, आणि शिक्षकाला दोन्ही माहीत असावे लागतात.

पहिला प्रवाह भाषेचा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण राष्ट्रीय मूळावरून भेदभाव करायला मनाई करते. १९७४ मध्ये ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ शाळांपुरता स्पष्ट केला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सुमारे १,८०० चिनी वंशाच्या मुलांना इंग्रजीसाठी कोणतीच मदत मिळत नव्हती. सर्वांना तीच इमारत, तीच पुस्तके, तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली, हे न्यायालयाने मानले नाही. त्याच वर्षीच्या समान शैक्षणिक संधी कायद्याने भाषेचे अडसर दूर करण्यासाठी योग्य पावले उचलण्याची जबाबदारी शाळांवर टाकली. ‘योग्य’ म्हणजे काय, ते १९८१ च्या ‘कास्तान्येदा विरुद्ध पिकार्ड’ या टेक्सासमधल्या खटल्यात ठरले: कार्यक्रमाला शिक्षणशास्त्राचा भक्कम आधार हवा, तो राबवायला पुरेशी माणसे आणि साधने हवीत, आणि काही काळाने मुलांची अडचण खरोखर दूर होते आहे असे दिसले पाहिजे. ते न्यायालय न्यू जर्सीचे नव्हे, पण केंद्रीय शिक्षण खात्याने ही कसोटी देशभर वापरली आहे.

दुसरा प्रवाह अपंगत्वाचा. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात नऊ मेक्सिकन-अमेरिकन मुलांच्या वतीने ‘डायना’ खटला झाला. इंग्रजी चाचण्यांवरून त्यांना मतिमंद ठरवून वेगळ्या वर्गांत टाकले होते. तडजोडीत ठरले की चाचणी मुलाच्या भाषेतही घ्यायची. आज ‘आयडिया’ या लघुनावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय कायद्यात तेच तत्त्व आहे. मुलाला काय येते आणि काय करता येते याची खरी माहिती मिळण्याची शक्यता ज्या भाषेत आणि ज्या प्रकारे सर्वाधिक असेल, तशी चाचणी घ्यायची. आणि इंग्रजी कमी येणे हे अपंगत्व ठरवण्याचे निर्णायक कारण असता कामा नये.

याच कायद्याची दुसरी बाजू लोक विसरतात. अपंगत्वाची शंका असलेले मूल शोधून तपासणे शाळेवर बंधनकारक आहे. ‘आधी इंग्रजी येऊ दे, मग बघू’ म्हणून थांबायला कायदा परवानगी देत नाही.

समोरचे पर्याय

बैठकीआधीच्या चर्चेत तीन मते होती.

पहिले: नेहमीच्या इंग्रजी चाचण्या घ्याव्यात. तज्ज्ञ हाताशी, वेळापत्रक तयार. पण निकाल काय येणार ते आधीच दिसत होते, आणि कायद्याला तो चालला नसता.

दुसरे मत आमच्याच विभागातले. मुलाला ईएसएलमध्ये घ्या, दोन वर्षे द्या, तोवर मूल्यमापन नको. मला हे मत पहिल्याइतकेच धोक्याचे वाटले, कारण ते दयाळू दिसते. विशेष शिक्षणात स्थलांतरित मुले उगाच ढकलली गेली, या इतिहासाच्या धास्तीने अनेक शाळा आता दुसऱ्या टोकाला गेल्या आहेत. ज्याला खरोखर मदत हवी ते मूल ‘इंग्रजी येईपर्यंत’ ताटकळत राहते. त्यात ‘र’च्या ओळीचे काय, याचे उत्तर या मताकडे नव्हते.

तिसरे: ईएसएल लगेच सुरू करायचे आणि मूल्यमापन दोन्ही भाषांत, त्याच्या समांतर. यात कष्ट आणि खर्च जास्त. मराठी बोलणारा वाक्-भाषा तज्ज्ञ मिळणे कठीण; म्हणजे प्रशिक्षित दुभाष्या शोधणे आले. मी याच पर्यायासाठी भांडले आणि वाक्-भाषा तज्ज्ञ माझ्या बाजूने उभी राहिली. तिने एकच प्रश्न विचारला: हा मुलगा मराठीत ‘र’ म्हणतो का? कुणालाच माहीत नव्हते. त्या प्रश्नाने बैठकीचा निर्णय झाला.

दुभाष्याबद्दल दोन ठिकाणी ठाम राहावे लागले. शालेय जिल्ह्याच्या, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, यादीत हिंदीचा दुभाष्या होता आणि ‘इंडियन आहेत, चालेल ना?’ असे विचारले गेले. आईला हिंदी समजते, पण संमतीच्या कागदावरचे हक्क आणि मुलाच्या बोलण्याचे बारकावे यांसाठी तिला मराठीच हवी होती. मग सुचवले गेले की मीच दुभाषण करावे. मी नाही म्हटले. मी मुलाची शिक्षिका होणार होते आणि चमूत मत देणार होते. एकाच माणसाने मत द्यायचे आणि दुसऱ्याचे शब्दही पोचवायचे, हे बरोबर नाही. शिवाय इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आम्ही सगळे भेटतो. पालकांना मोकळेपणाने बोलता यावे म्हणून तिऱ्हाईत माणूस हवा होता.

घरच्यांशी बोलणे

वडील पहिल्यांदा आले ते बचावाच्या तयारीत. “मॅडम, तो हुशार आहे हो. तिकडे पहिलीत पहिला नंबर होता.” मी त्यांना ईएसएलची वेळ, पुस्तके, बसायची जागा, सगळे दाखवले. हेही सांगितले की कायद्याने त्यांना ही मदत नाकारता येते. पण नाकारली तरी शाळेला मुलाची प्रगती पाहावी लागते आणि दरवर्षी इंग्रजीची चाचणी घ्यावी लागते. हक्क आहे म्हटल्यावर त्यांचा ताण उतरलेला दिसला. त्यांनी प्रश्नावली पुन्हा भरली. इंग्रजीची चाचणी झाली, मुलगा अगदी सुरुवातीच्या पातळीवर निघाला, आणि वर्षाच्या मध्ये नाव दाखल झाल्यास पालकांना दोन आठवड्यांत लेखी कळवायचे असते ते मराठीतून कळवले.

आईचा प्रश्न वेगळा होता. “ताई, याचा व्हिसावर काही परिणाम नाही ना होणार?” हा प्रश्न विचारायचा धीर किती जणींना होत नसेल! १९८२ च्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ निकालानुसार कागदपत्रे नसलेल्या मुलालाही सरकारी शाळेचा दरवाजा बंद करता येत नाही; इथे तर कागदपत्रे पूर्ण होती. शाळेतल्या नोंदी १९७४ च्या शैक्षणिक खासगीपणाच्या कायद्याने राखल्या जातात आणि पालकांच्या संमतीशिवाय सहसा बाहेर देता येत नाहीत. ईएसएल आणि विशेष शिक्षण या शाळेच्या नेहमीच्या सेवा आहेत, उपकार नव्हेत.

मग ‘र’ निघाला. दुभाष्या फोनवर होता. आई म्हणाली, “तो आधीपासून असाच बोलतो. रविवारला लविवाल. घरला घल. आजी म्हणते, बोबडा आहे, मोठा झाला की जाईल.”

याच सुमारास शाळेतल्या एकीने आईला घरी इंग्रजीच बोलायचा सल्ला दिला होता. आईचे इंग्रजी जेमतेम. तसे केले असते तर मुलाशी होणाऱ्या गप्पा दहा-बारा वाक्यांवर आल्या असत्या. घरची भाषा भक्कम असली की दुसरी भाषा तिच्या आधाराने वाढते. मी तो सल्ला लेखी मागे घ्यायला लावला.

मूल्यमापन

शाळेच्या नर्सने आधी कान आणि डोळे तपासले, दोन्ही ठीक. मग वाक्-भाषा तज्ज्ञ आणि मराठी दुभाष्या यांनी एकत्र काम केले. इंग्रजी प्रमाणित चाचणीचे तोंडी भाषांतर करून गुण द्यायचे नाहीत, हे आधीच ठरवले होते. ते गुण इंग्रजी मुलांवर बेतलेले असतात, आणि भाषांतरात प्रश्नाचा जीवच जातो. एक दगड, दोन दगड: इथे मराठीत अनेकवचन बदलतच नाही, मग तपासायचे काय?

त्याऐवजी चित्रे दाखवून गोष्ट सांगायला लावली. मुलगा म्हणाला, “माकडाने केलं खाल्लं, मग मुलीने पोली खाल्ली, आणि माकड झाडावल गेलं.” केळं खाल्लं, पोळी खाल्ली. क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलले, ‘माकड’चे सामान्यरूप ‘माकडा-’ झाले, ‘गेलं’ मात्र कर्त्याप्रमाणे चालले. भाषेच्या घडणीतच अडचण असलेले मूल अडखळण्याची शक्यता असते ती अशाच जागी. हा मुलगा अडखळला नाही. मराठी उतारा त्याने समजून वाचला. इंग्रजी ‘अ’ आणि ‘द’ तज्ज्ञाने थोडा वेळ शिकवून पुन्हा विचारले, तेव्हा लगेच सुधारणा दिसली. शिकण्याची क्षमता जागच्या जागी होती.

पण ‘र’ मराठीतही ‘ल’ होता, शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, आणि ‘ळ’चाही ‘ल’. ऐकताना तो हे ध्वनी अचूक ओळखत होता आणि लिहिताना ‘र’ बरोबर लिहीत होता. अडत होते उच्चारापाशी. तज्ज्ञाने सांगितले की इंग्रजी ‘आर’ या वयात काही मुलांना जमत नाही, तेवढ्यावरून निष्कर्ष काढला नसता. मराठीत, जी भाषा तो जन्मापासून बोलतो तिच्यात, तीच चूक सातत्याने दिसली, म्हणून तो उच्चारदोष ठरला.

न्यू जर्सीत वाचा-सेवेसाठी शिक्षणावरचा परिणामही दाखवावा लागतो. वर्गशिक्षिकेने लिहिले: मोठ्याने वाचायची पाळी आली की तो पोट दुखते म्हणतो, दोन मुले त्याच्या ‘लेड’ला हसतात.

निष्पत्ती

पालकांची संमती मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यू जर्सीत मूल्यमापन आणि योजना पूर्ण व्हावी लागते. एप्रिलच्या शेवटी ती झाली. अहवालात स्पष्ट लिहिले गेले: भाषा-दोष नाही, अध्ययन-अक्षमता नाही, उच्चारदोष आहे. आठवड्यातून एकदा वाचा-उपचार, रोज ईएसएल. दोन्ही एकत्र मिळू शकतात, एकामुळे दुसरे कापले जात नाही, हे काही सहकाऱ्यांनाही नवीन होते.

उपचार सुरू झाले मराठी ‘र’पासून, कारण घरी आई सराव घेऊ शकत होती. तिसरीच्या मध्यापर्यंत ‘रविवार’ सुधारला. इंग्रजी ‘आर’ अजून अधूनमधून निसटतो. त्याची जीभ वेगळी वळवावी लागते आणि ती स्वतंत्र शिकवणे चालू आहे. वर्गातल्या रोजच्या बोलण्यात तो आता मागे नाही. पाठ्यपुस्तकाच्या भाषेला वेळ लागेल. ती पक्की व्हायला अशा मुलांना पाच-सात वर्षे लागू शकतात, हे वडिलांना आधीच सांगून ठेवले आहे, म्हणजे चौथीत विज्ञानाचे गुण उतरले तर घरात घबराट होणार नाही.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यात महागात पडली ती पहिली प्रश्नावली. चार महिने त्या एका कागदाने घेतले. प्रवेशाच्या टेबलावर पालकांच्या भाषेतले एक पान ठेवायला हवे: ही माहिती कशासाठी, ईएसएल म्हणजे काय, नकार देता येतो का. माझ्या आग्रहामुळे आमच्या शाळेत आता मराठी, गुजराती आणि तेलुगू पाने आहेत.

यात दुसरेही नुकसान दडलेले आहे. न्यू जर्सीच्या कायद्याने एखादी भाषा बोलणारी, इंग्रजी नव्याने शिकणारी २० किंवा अधिक मुले शालेय जिल्ह्यात असतील तर त्या भाषेतून द्विभाषिक कार्यक्रमाची जबाबदारी जिल्ह्यावर येते. अडचण असेल तर जिल्ह्याला पर्यायी व्यवस्थेची परवानगी मागावी लागते. आपली कुटुंबे ‘इंग्रजी’ लिहीत राहिली तर मराठी मुले त्या मोजणीत येतच नाहीत.

शिफारशीच्या अर्जावर घरच्या भाषेचा रकाना हवा होता, आणि शिफारस जाण्याआधी ईएसएल शिक्षकाला विचारणे सक्तीचे हवे होते. नोव्हेंबरमध्येच वर्गशिक्षिकेने मला विचारले असते तर तिची निम्मी यादी पंधरा मिनिटांत मोकळी झाली असती. पण तिच्याकडे बोट दाखवणे अन्यायाचे होईल. शिक्षकांच्या प्रशिक्षणात तिला मुलांच्या भाषांच्या ध्वनींबद्दल कुणी काही शिकवलेच नव्हते. आम्ही दोघींनी मिळून आता वर्गातल्या प्रत्येक भाषेचे एकेक पान करायला घेतले आहे: कोणते ध्वनी आहेत, कोणते नाहीत, वाक्य कसे बांधले जाते. मराठीच्या पानावर ‘र आणि ल वेगळे आहेत’ ही ओळ ठळक अक्षरांत आहे.

दुभाष्या शोधण्यात तीन आठवडे गेले. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या शिखर संस्थेशी, जोडलेल्या रविवारच्या मराठी शाळांतून शिकवणाऱ्या अनेक जणी उत्तम दोन्ही भाषा जाणतात. त्यांपैकी कुणाला शैक्षणिक दुभाषणाचे आणि गोपनीयतेचे प्रशिक्षण देता येईल का, याबद्दल जिल्ह्याकडे अर्ज केला आहे. उत्तर यायचे आहे.